पाण्याचे तीन थेंब आणि एक मासा

मागच्या लेखात चिनी जेवणाबद्दल लिहिताना 'मासा' आणि 'मासे पकडणं' या दोन अक्षरांचा उच्चार एकच आहे, असं एक वाक्य जाता जाता लिहून गेले होते. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी बाकी अख्ख्या लेखावर आली नाहीत. त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं. अक्षरं शब्दांतच काढून दाखवणार आहे, तेव्हा हाताशी कागद-पेन्सिल असेल तर बरं.

प्रश्न : मी वेसाव्याचा. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे. हातावर 'मासेमारी'चं चिनी अक्षर गोंदवून घ्यायचं आहे, पण नेटवर दोन वेगवेगळी अक्षरं दिसतात. खरं कोणतं?

अक्षरं दोन्ही खरी. तुझ्या कामाचं मात्र त्यातलं एकच.

पहिल्याचा उच्चार 'यू'. डावीकडे एकाखाली एक तीन ठिपके काढ. हे पाण्याचं चिन्ह. नदी, समुद्र, तळं, घाम, धुणं, जे जे ओलं त्याच्या अक्षरात बहुधा हे तीन थेंब असतात. उजवीकडे अख्खा मासा : वर डोकं, मधे खवल्यांची चौकट, खाली शेपूट. पाणी आणि मासा, एवढंच. माणूस नाही, होडी नाही, जाळं नाही. आपल्या 'मासेमारी'त मारणं उघड उघड आहे. या अक्षरात मासा अजून पाण्यातच आहे.

दुसऱ्याचा उच्चार 'त्याओ'. डावीकडे धातूचं चिन्ह, कारण गळ धातूचा. उजवीकडे पळी या अर्थाचं छोटं अक्षर, ते फक्त उच्चारासाठी घेतलेलं. पण बाकदार रेघेत अडकलेला तो ठिपका पाहून माझ्या वर्गातली निम्मी मुलं "गळाला लागलाय" असंच म्हणतात, आणि लक्षात ठेवायला ते बरंच पडतं.

फरक कोकणातल्या माणसाला समजावावा लागत नाही. होडी घेऊन जाळी मारायला जाणं वेगळं आणि खडकावर बसून गरी टाकणं वेगळं. मालवण-रत्नागिरीकडे या दुसऱ्याला 'गरवणं' असा स्वतंत्र शब्दच आहे. 'यू' म्हणजे मासेमारी, धंदा. 'त्याओ' म्हणजे गरवणं. बातम्यांत ज्या बेटांवरून चीन आणि जपानचं भांडण असतं त्यांचं चिनी नाव 'त्याओयू', म्हणजे मासे गरवायची बेटं. बीजिंगमध्ये परदेशी पाहुणे उतरतात त्या सरकारी अतिथिगृहाचं नाव 'त्याओयूताय', गरवायचा चौथरा. तिथे पूर्वी राजे गळ टाकून बसत म्हणे.

तेव्हा तुझं अक्षर 'यू'. पण दोन गोष्टी आधी ऐकून घे.

एक, हे अक्षर एकटंच लिहिलं की चिनी माणसाला त्यात काव्यबिव्य दिसत नाही. तिकडच्या मच्छीमार बोटींच्या नंबरात हेच अक्षर असतं आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या गस्ती बोटींवरही मोठ्या अक्षरांत हेच रंगवलेलं असतं. म्हणजे तुझ्या दंडावर साधारण बोटीची नोंदणी दिसेल. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. तीन पिढ्यांच्या घराला ते शोभेल.

दोन, या अक्षराची दोन रूपं आहेत. तैवान आणि हाँगकाँगमध्ये चालतं ते जुनं, 14 रेघांचं. त्यात माशाच्या शेपटीचे चार ठिपके असतात. चीनमध्ये 1950च्या दशकात अक्षरं सोपी केली तेव्हा त्या चार ठिपक्यांची एक आडवी रेघ झाली, आणि अक्षर 11 रेघांवर आलं. गोंदवायला जुनं घे, दिसायला भरदार आहे. आणि सुई लावण्याआधी कागदावरचा छाप उलटा तर बसला नाही ना, हे बघ. तीन थेंब डावीकडेच हवेत.

प्रश्न : मी चिनी शिकतो आहे. शब्दकोशात याच 'यू' अक्षराखाली 'लुबाडणे' असाही अर्थ दिला आहे. छापखान्याची चूक आहे का?

चूक नाही. या अक्षराचा हा काळा कोपरा फार जुना आहे, आणि मला विचाराल तर त्यातली सगळ्यांत वाचनीय जागा तीच.

जाळं टाकणारा माणूस पाण्यात काही पेरत नाही, फक्त काढून घेतो. त्यावरून हान राजवटीच्या काळातच, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, रयतेला नागवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी 'घुसून मासेमारी करणे' अशा अर्थाचा शब्द रूढ होता. प्रजा म्हणजे तळं आणि साहेब जाळं घेऊन उतरलेला. आजच्या चिनीतही आडमार्गाने नफा ओढणं म्हणजे 'नफ्याची मासेमारी' आणि बाईलवेडेपणा करत फिरणं म्हणजे 'रूपाची मासेमारी'. गळ वापरून मात्र माणूस दुसऱ्या गोष्टी पकडतो : कीर्ती, वाहवा. नाव विकत घेणं आणि स्तुती गरवणं, असा चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे, आणि तो ज्याला लागू पडेल अशी दोन-चार नावं तुम्हाला आत्ता लगेच आठवली असतील.

याच अक्षराची एक गोष्ट मराठी माणसाला ऐकल्याबरोबर ओळखीची वाटते. युद्धमान राज्यांच्या काळात चाओचं राज्य येनवर चालून जाणार होतं. येनच्या बाजूने सू ताय नावाचा मुत्सद्दी चाओच्या राजाकडे गेला आणि म्हणाला, येताना नदीवर एक प्रकार पाहिला. एक शिंपला उघडा होऊन ऊन खात पडला होता. पाणलाव्याने त्याच्या मांसाला चोच मारली, शिंपल्याने झापकन मिटून चोच धरली. पक्षी म्हणतो, आज पाऊस नाही, उद्या पाऊस नाही, मग इथे मेलेला शिंपला दिसेल. शिंपला म्हणतो, चोच आज सुटली नाही, उद्या सुटली नाही, तर मेलेला पक्षी दिसेल. कुणीच सोडेना. तेवढ्यात एक कोळी आला आणि दोघांना उचलून घेऊन गेला. चाओ आणि येन असेच झुंजत बसले तर बलाढ्य छिन राज्य तो कोळी होईल, असं सू तायचं म्हणणं. राजाने स्वारी रद्द केली. पुढे छिनने सगळ्यांनाच उचललं, तो भाग निराळा.

आपल्याकडे दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो. इथे भांडणाऱ्यांतच एक तिसरी, म्हणजे शिंपली, होती. जपानी आणि कोरियन भाषांतही 'कोळ्याचा फायदा' हा शब्दप्रयोग याच गोष्टीवरून रोज वापरात आहे.

प्रश्न : आमच्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते. चीनमध्ये असं काही आहे का? आणि त्यांच्या म्हणींत त्याचं काही दिसतं का? (रत्नागिरी)

दोन्ही आहे, आणि म्हण बंदीच्या कितीतरी आधीची आहे.

इसवी सनपूर्व 632. जिन राज्याचा अधिपती वन याची छू राज्याशी छंगपू इथे लढाई व्हायची होती. शत्रूचं सैन्य जास्त. त्याने दोघांना सल्ला विचारला. एक म्हणाला, फसवा. दुसऱ्याचं नाव योंग ची. तो म्हणाला : तळं आटवून मासे धरले तर मिळणार नाहीत असं कसं होईल? पण पुढच्या वर्षी मासे नसतील. फसवणुकीचंही तसंच, एकदा चालेल. वनने लढाई फसवूनच जिंकली. बक्षिसं वाटताना मात्र योंग चीला वरचा मान दिला. लोक चक्रावले, तेव्हा म्हणाला की पहिल्याचा सल्ला एका वेळेच्या उपयोगाचा, दुसऱ्याचा शंभर पिढ्यांच्या. ही कथा इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात आहे आणि 'तळं आटवून मासेमारी' हा वाक्प्रचार आजही चिनी वर्तमानपत्रांत करवाढीपासून जंगलतोडीपर्यंत कशालाही लावतात.

मेन्सियस हा विचारवंत तर राजाला थेट जाळ्याच्या डोळ्यावरच बोलला होता : बारीक डोळ्यांची जाळी तळ्यात उतरली नाहीत तर मासे-कासवं खाऊन संपणार नाहीत. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवरून तुमच्याकडे ज्या सभा होतात त्यांत हे वाक्य वाचून दाखवायला हरकत नाही.

आताची बंदी म्हणाल तर दक्षिण चिनी समुद्रात 1999पासून दर उन्हाळ्यात असते, सध्या मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. यांगत्से नदीचं प्रकरण त्याहून मोठं. तिथे 1 जानेवारी 2021पासून सलग दहा वर्षं मासेमारी बंद केली आहे. एक लाखावर होड्या किनाऱ्याला लागल्या आणि दोन लाखांवर माणसांना दुसरं काम शोधावं लागलं. तरी एका माशासाठी उशीर झालाच होता : लांब सोंडेचा तो प्रचंड चिनी पॅडलफिश 2003नंतर कुणाला दिसला नाही आणि 2022 साली नामशेष म्हणून जाहीर झाला.

प्रश्न : "माणसाला मासा दिलात तर एक दिवस जेवेल, मासे पकडायला शिकवलंत तर जन्मभर जेवेल." हे कन्फ्यूशियसचं की लाओत्सेचं? शाळेच्या फलकावर लिहायचं आहे.

दोघांचंही नाही. दोघांच्या ग्रंथांत हे वाक्य सापडत नाही. यासारखं वाक्य 1885 सालच्या एका इंग्रजी कादंबरीत आहे; लेखिका अ‍ॅन थॅकरे रिची. तिथे मासा दिलेल्या माणसाला तासाभरात पुन्हा भूक लागते, एवढाच फरक.

चिनीत हे आज सर्रास म्हणतात, आणि त्यात एक गंमत आहे. चिनी वाक्य शब्दशः असं : माणसाला 'यू' देण्यापेक्षा माणसाला 'यू' द्यावा. पहिला यू मासा, दुसरा यू मासेमारी. लिहिलेलं असताना दुसऱ्याला पाण्याचे तीन थेंब आहेत म्हणून अर्थ लागतो. नुसतं ऐकलं तर एखादा मास्तर तेच वाक्य दोनदा म्हणतोय असं वाटेल. कानापेक्षा डोळ्यांसाठी केलेली म्हण आहे ही.

फलकावर खरोखरच जुनं काही हवं असेल तर हान काळातलं एक घ्या : डोहाकाठी उभं राहून माशांची हाव धरण्यापेक्षा घरी जाऊन जाळं विणावं. हान राजवटीच्या इतिहासात तोंग चोंगशू हा विद्वान राजापुढे ते सांगतो, आणि तोही 'जुने लोक म्हणत आले आहेत' असं म्हणूनच सांगतो. कन्फ्यूशियसचं नावच हवं असेल तर त्याच्या वचनसंग्रहात मासेमारीवर एक ओळ आहे खरी : गुरुजी गळाने मासे धरीत, नदीवर आडवा दोर ताणून नाही, पाखरांना बाण मारीत, पण घरट्यात विसावलेल्यांना नाही. मूळ ओळ जेमतेम नऊ अक्षरांची. तिथलं क्रियापद 'त्याओ' आहे.

प्रश्न : 'मासा' या अक्षराखाली चार ठिपके असतात. 'विस्तव' दाखवायलाही चार ठिपकेच काढतात असं पुस्तकात वाचलं. म्हणजे मासा भाजून खायचा, असा त्याचा अर्थ का?

कल्पना चविष्ट आहे, पण नाही. ते चार ठिपके शेपटीचे. शिजवणं, भाजणं यांच्या अक्षरांखाली येतात ते चार ठिपके खरोखर विस्तवाचे. दोन्ही चिन्हं लिहिता लिहिता सारखी झाली, एवढंच.

सगळ्यांत जुनी चिनी अक्षरं आहेत ती हाडांवर कोरलेली, हनान प्रांतातल्या आन्यांग इथली, इसवी सनपूर्व 1200च्या आसपासची. राजा प्रश्न विचारायचा, कासवाच्या पोटाकडच्या कवचाला किंवा बैलाच्या खांद्याच्या हाडाला डाग द्यायचे, तडा कसा जातो त्यावरून कौल. त्या हाडांवर मासा म्हणजे सरळ माशाचं चित्र आहे, पर आणि दुभंगलेली शेपटी यांसकट. आणि आपलं मासेमारीचं अक्षर तिथे एकाच ठरलेल्या रूपात नाही. कुठे पाण्याच्या ओघळाभोवती चार मासे, कुठे दोऱ्याला लटकलेला मासा आणि दोरा धरलेला हात, कुठे दोन हातांत जाळं. राजा वू तिंग याच्या एका मुलाच्या नावातही हे अक्षर आहे, म्हणजे ते हलक्या धंद्याचं मानत नसावेत. पुढे अक्षरं आखीव होत गेली तसे मासे कमी झाले. इसवी सन 100च्या सुमाराला शू शनने जो पहिला मोठा अक्षरकोश केला, त्यात मुख्य रूपात अजून दोन मासे आहेत आणि शेजारी एक माशाचं रूप नोंदवलं आहे. तेच टिकलं. हात, दोरा, जाळं सगळं गळालं.

प्रश्न : यजमानांच्या नोकरीमुळे शांघायला आहे. चिनी नववर्षाच्या जेवणाला शेजाऱ्यांनी बोलावलं आहे. अख्खा मासा असेल, तो संपवायचा नाही असं कुणीतरी सांगितलं. आम्हाला तर लहानपणापासून पानात टाकायचं नाही अशी शिस्त!

एक दिवस शिस्त बाजूला ठेवा. कारण पुन्हा उच्चाराचं.

हा 'यू' आपला यू नव्हे. शीळ घालताना ओठ जसे गोल करतो तसे करा आणि त्यातून 'ई' म्हणा. सूर खालून वर न्या, आपण आश्चर्याने "हो?" म्हणतो तसा. अगदी याच उच्चाराचं, याच सुराचं तिसरं एक अक्षर आहे, त्याचा अर्थ 'शिल्लक'. नववर्षाची शुभेच्छा 'न्येन-न्येन योउ यू', म्हणजे वर्षानुवर्षं शिल्लक राहो, कानाला 'वर्षानुवर्षं मासा असो' अशीही ऐकू येते. मासा संपवला तर शिल्लक कुठली? काही घरांत डोकं-शेपूट दुसऱ्या दिवसासाठी ठेवतात. त्यिएनचिनजवळच्या यांगल्यूछिंगला नववर्षाची लाकडी ठशांची चित्रं छापतात. तिथलं गुटगुटीत बाळ मोठ्या माशाला मिठी मारून बसलेलं असतं आणि हातात कमळ. कमळाचा उच्चार 'सलग' या शब्दाशी जुळतो. अख्खं चित्र म्हणजे एक कोटी आहे.

ताटातल्या माशाचं तोंड बहुधा मानाच्या पाहुण्याकडे करतात. तुमच्याकडे आलं तर संकोचू नका, पहिला घास तुमचा.

आणि वरची बाजू खाऊन झाली म्हणून मासा उलटवू नका. मधला काटा उचलून बाजूला काढतात आणि खालचं मांस तसंच खातात. किनाऱ्यावरच्या, विशेषतः दक्षिणेकडच्या लोकांत हे फार पाळतात, कारण मासा पालथा झाला की होडी पालथी. 'उलटणं' हा शब्दही होडीवर टाळतात. आपण नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढते. तसंच. या होडीवाल्यांच्या भीतीने चिनी भाषेला एक रोजचा शब्दच देऊन टाकला आहे. जेवणाच्या काड्यांचं जुनं नाव 'चू'. तोच उच्चार 'थांबणे' या शब्दाचा. होडी थांबणं कुठल्या नावाड्याला परवडेल? म्हणून ते काड्यांना 'झटपट' या अर्थाच्या शब्दाने हाक मारू लागले. पंधराव्या शतकातल्या लू रोंग या विद्वानाने तशी नोंद करून ठेवली आहे. आज अख्खा चीन ज्यांनी जेवतो त्या 'ख्वाइत्झ' या त्याच.

प्रश्न : चिनी चित्रांत सारखा एक म्हातारा एकट्याने होडीत मासे धरत बसलेला असतो. त्यांना दुसरा विषय मिळाला नाही का?

मिळाला की, डोंगर मिळाले. पण म्हाताऱ्याचा मोह सुटत नाही, आणि त्याला कारण त्याओ या अक्षरात आहे.

परंपरेने पहिला म्हातारा च्यांग थायकुंग. इसवी सनपूर्व अकरावं शतक. वय सत्तरीच्या पुढे, सगळीकडे अपयश, वेइ नदीकाठी गळ टाकून बसलेला. लोककथेत त्याचा गळ सरळ आहे, आमिष नाही, आणि तो पाण्यालाही टेकत नाही. जोव राज्याचा राजा वन शिकारीला निघाला, ज्योतिष्याने आधीच सांगितलं होतं की आज जनावर नाही, राज्याला हात देणारा माणूस मिळेल. राजाने म्हाताऱ्याला रथात घालून नेलं, आणि त्याच्या सल्ल्यावर जोव घराण्याने शांगांचं राज्य उलथवलं. "थायकुंग गळ टाकतो, ज्याला यायचं तो येतो" ही म्हण आजही चालते. मराठीत मासा गळाला लागतो म्हणजे कुणीतरी फसतो. इथे राजा गळाला लागला आणि त्यातच त्याचं भलं झालं. जपानीत तर हौशी गरवणाऱ्या माणसाला अजूनही या म्हाताऱ्याच्याच नावाने ओळखतात.

दुसरा यान ग्वांग. त्याचा शाळूसोबती हान घराण्याचा सम्राट झाला, पद देऊ केलं, आणि हा फूछुन नदीवर गळ टाकायला निघून गेला. म्हणजे एक म्हातारा नोकरीची वाट बघत बसलेला आणि दुसरा नोकरीपासून पळून आलेला. दोघांच्या हातात गळ तोच. चित्रं काढणारे आणि कविता करणारे बहुतेक सरकारी अधिकारी होते, त्यामुळे बढती हुकलेल्याला पहिला आवडायचा, बदलीला कंटाळलेल्याला दुसरा.

ल्यू चोंगयुआन हा 805 साली राजकारणात हरून दक्षिणेला योंगचोउला धाडला गेला. त्याची वीस अक्षरांची कविता चिनी मुलांना पाठ असते : डोंगरांवर पाखरू नाही, वाटांवर पाऊल नाही, एकट्या होडीत गवती इरलं पांघरलेला म्हातारा थंड नदीवरच्या बर्फात एकटाच गरवतो आहे. चारही ओळींची पहिली अक्षरं खाली वाचत गेलं तर 'हजार, दहा हजार, एकटा, एकाकी' असं होतं. त्याने तिथे जाळं घातलं असतं तर कविता मेली असती. जाळ्याला माणसं लागतात.

पण खरा कोळी इतका निवांत बसला तर त्याच्या घरी चूल पेटायची नाही, हे ओळखणारेही होते. अकराव्या शतकातला फान चोंगयान मोठा मंत्री होता. त्याने चार ओळींत लिहिलं : नदीवर येणारे-जाणारे सगळे माशाच्या चवीवर खूश, ती पानाएवढी होडी बघा, लाटांत दिसते आणि नाहीशी होते. या कवितेच्या नावात अक्षर 'यू' आहे, त्याओ नाही. मला ही चित्रांतल्या सगळ्या म्हाताऱ्यांपेक्षा जवळची वाटते. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या होडीतच जन्मणारी आणि मरणारी तांका माणसं होती, त्यांना जमिनीवर घर बांधू देत नसत. ती मुभा देणारा सम्राट योंगचंग याचा हुकूम निघाला 1729 साली, तोवर चित्रकलेत म्हातारा काही शतकं आरामात बसून होता.

प्रश्न : फोर्ट कोचीला 'चिनी जाळी' पाहिली. ती खरंच चिनी का?

मल्याळममध्ये त्यांचं नाव चीनावला, म्हणजे चिनी जाळंच. पंधराव्या शतकातल्या झेंग हे या चिनी दर्यासारंगाच्या ताफ्यांनी ती आणली अशी आख्यायिका. पोर्तुगीजांनी मकाववरून आणली असं मानणारेही आहेत. जाळ्याची जात मात्र चीनची ओळखीची. बांबूच्या चौकटीला ताणलेलं जाळं पाण्यात उतरवायचं आणि दगडांच्या वजनावर वर उचलायचं. चिनीत या उचलजाळ्याला वेगळं अक्षर आहे, 'त्संग'.

त्याची इतिहासात एक भारी नोंद आहे. इसवी सनपूर्व 209, छिन साम्राज्य. नऊशे बिगारी सैनिकांना उत्तरेला सरहद्दीवर पाठवत होते, वाटेत पावसाने रस्ते बुडाले, आणि उशिरा पोचणाऱ्याला देहदंड. त्यांच्यातल्या छन शंगने रेशमाच्या तुकड्यावर तांबड्या शाईने 'छन शंग राजा होईल' असं लिहवून ते उचलजाळ्यात सापडलेल्या एका माशाच्या पोटात घालून ठेवलं. सैनिकांनी मासा विकत घेतला, चिरला, चिठ्ठी निघाली, आणि बंड पेटलं. तीनेक वर्षांत छिन साम्राज्य संपलं. ते ज्या ठाण्यावर निघाले होते त्याचं नाव यूयांग, त्यातला यू म्हणजे तुमचा तीन थेंबांचा.

प्रश्न : आमच्या कंपनीची एक टीम छंगतूला आहे. तिथला सहकारी म्हणाला, "आज दिवसभर मासे चाचपले." दुसऱ्याबद्दल म्हणाला, "त्याचं माकूळ भाजलं." हे काय आहे?

पहिला म्हणाला की आज पाट्या टाकल्या. 'मासे चाचपणं' म्हणजे कामाच्या वेळात टंगळमंगळ. मूळ वाक्प्रचार 'पाणी गढूळ करून मासे चाचपणे' असा, छत्तीस डावपेचांतला विसावा; सेनापतींनी वापरायचा तो डाव घसरत घसरत ऑफिसातल्या मोबाइलवर आला.

सावध करण्याजोगा शब्द मात्र 'त्याओ-यू'. नेटवर बँकेच्या नावाने खोटी लिंक पाठवून पासवर्ड काढून घेणं म्हणजे चिनीत सरळ 'मासे गरवणं'. आणि पोलीस किंवा निरीक्षक स्वतःच कुणाला मोहात पाडून मग पकडतात त्याला 'गळ टाकून कायद्याची अंमलबजावणी' म्हणतात. 2009 साली शांघायमध्ये साध्या मोटारवाल्यांना बेकायदा टॅक्सीवाले ठरवण्यावरून गदारोळ झाला, तेव्हापासून तो शब्द घरोघरी गेला.

माकुळाचं ऐका. हा शब्द ग्वांगतोंगकडचा. माकूळ (स्क्विड) गरम कढईत टाकलं की कडा वळून त्याची गुंडाळी होते. पूर्वी नोकर मालकाकडेच राहायचा, वळकटी स्वतःची असायची. कामावरून काढलं की वळकटी गुंडाळायची आणि निघायचं. म्हणजे तुमच्या त्या दुसऱ्या सहकाऱ्याने गाशा गुंडाळला आहे. त्याच्याकडे काही फाइल अडकल्या असतील तर आजच विचारून घ्या.